कृष्णाकाठची नवी पदवी

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे आहेत, व त्यांचे अभिमानही दोन आहेत. परंतु १९४९ सालापर्यंत ह्या प्रदेशाचा पुष्कळसा भाग एकाच सातारा जिल्ह्यात मोडत असे, आणि मधूनमधून सांगली, मिरज, औंध अशा संस्थानांचा मुलूख गोधडीच्या ठिगळांसारखा पसरलेला असे. त्या वर्षी संस्थानी मुलूख आणि जुन्या जिल्ह्याचा दक्षिण भाग मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. हा दप्तरी तपशील येथे देण्याचे कारण इतकेच की, ज्या विद्येविषयी आम्ही लिहू इच्छितो ती ह्या दोन्ही जिल्ह्यांत एकाच वाटेने आली आहे. ती विद्या म्हणजे माहिती तंत्रज्ञान. विद्यापीठाची ही पदवी कृष्णाकाठी कशी पोचली, आणि येथील जुन्या शिक्षणाचे काय तिने बरोबर घेतले व काय मागे टाकले, हा आमचा प्रश्न आहे.

प्रथम ही विद्या आहे तरी काय? ज्या घरातील मुलगा वा मुलगी चार वर्षे वसतिगृहात राहून ती शिकून येते, त्या घरातील वडीलधाऱ्यांस तिच्याविषयी दोनच गोष्टी ठाऊक असतात: ती संगणकाची आहे, आणि तिच्यामुळे पुण्यास नोकरी लागते. लग्नाच्या बाजारात तर एवढी माहिती पुरून उरते! परंतु संगणक नावाचे यंत्र घडविणे हा ह्या शास्त्राचा मुख्य विषय नव्हे. नोंदी कशा ठेवाव्या, कशा लावाव्या, कशा शोधाव्या आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न बिघडता कशा धाडाव्या, हा त्याचा गाभा आहे. तलाठ्याच्या दप्तराचे उदाहरण घ्या. एक लाख उतारे वाटेल तसे रचून ठेवले, तर हवा तो सापडण्यास दुर्दैवाने लाखही कागद उलटावे लागतील. तेच उतारे क्रमाने लावून, गठ्ठा मधोमध उघडावा, हवा तो क्रमांक अलीकडे की पलीकडे हे पाहावे, आणि उरलेला अर्धा पुन्हा मधोमध उघडावा. असे केल्यास फार तर सतरा वेळा उघडून काम होते. लाखाचे सतरावर आणणारी ही युक्ती ह्या शास्त्राच्या पहिल्या पाठांपैकी आहे. ती समजावयास विलायतेस जावे लागत नाही, आणि तिची गरज नाही असे एकही कार्यालय आमच्या तालुक्यांत नसेल.

आता थोडे मागे जाऊ. ह्या प्रदेशात यंत्रविद्या प्रथम पदवीच्या रूपाने आलीच नाही. ती कारखान्याच्या रूपाने आली. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिकवीत होते. तेथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास ती जागा मिळाली, आणि लक्ष्मणरावांनी नोकरीस रामराम ठोकला. पुढे १९१० साली औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर, त्यांनी नांगरांचा कारखाना उभा केला. तेच आजचे सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. त्या माळावर जे तयार झाले ते हाताने काम करीत तयार झाले. त्यांची परीक्षा शेतकऱ्याच्या रानात, नांगराचा फाळ जमिनीत उतरला की होत असे. विद्या आणि तिचा उपयोग ह्यांमधील अंतर तेथे एका कुंपणाएवढे होते.

ह्याच किर्लोस्करांचे नांगर विकीत गावोगाव फिरलेले एक गृहस्थ म्हणजे भाऊराव पाटील. मॅट्रिकची परीक्षाही त्यांच्या पदरी नव्हती. परंतु ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले, आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव दिले. त्या वसतिगृहातील मुले एका पंक्तीस जेवीत, आपला स्वयंपाक आपण करीत व शेतात राबत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंच्या अंगावरील दागिनेही गेले, ही हकीकत साताऱ्यात सर्वांस ठाऊक आहे. १९४७ साली साताऱ्यात निघालेले छत्रपती शिवाजी महाविद्यालयही ह्याच तत्त्वावर उभे राहिले: कमवा आणि शिका. फी घामाने भरावयाची. आमच्या मते ही केवळ गरिबांची सोय नव्हती. ज्या मुलाने सकाळी बांध घातला व दुपारी वर्गात बसला, त्याला आपली विद्या कोणाच्या कष्टावर उभी आहे हे कोणी निराळे सांगण्याची गरज उरत नसे.

अभियांत्रिकीची पदवी येथे आली तीही त्याच १९४७ साली, सांगलीस. प्राध्यापक धोंडूमामा साठे यांनी तेथे न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढले, आणि आरंभी स्थापत्य ही एकच शाखा ठेवली. रस्ते, पूल, धरणे, बंधारे ह्यांची भूक लागलेल्या देशात हे योग्यच होते. पुढे १९५५च्या सुमारास शेठ वालचंद हिराचंद यांच्या विश्वस्त निधीचे साहाय्य मिळून महाविद्यालयास त्यांचे नाव लाभले, व यंत्र आणि विद्युत् ह्या शाखा आल्या. शेठ वालचंद हेही पदवी न घेताच धंद्यात शिरलेले. पदवी नसलेल्यांनी दुसऱ्यांच्या पदवीची सोय करावी, हा ह्या मुलखाचा जणू कुळाचारच दिसतो. १९६० साली कराडास सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि १९६२ साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ झाले. ह्या दोन्ही महाविद्यालयांतून आज माहिती तंत्रज्ञानाची पदवी मिळते. परंतु ती घरोघर पोचली ती केवळ त्यांच्यामुळे नव्हे.

त्यास कारण झाले ते १९८३ साल. त्या वर्षी वसंतदादा पाटील राज्याचे मुख्यमंत्री होते. सांगलीजवळच्या पद्माळ्याचे हे पुढारी १९४३ साली सांगलीचा तुरुंग फोडून निसटताना गोळी लागूनही वाचले होते. शाळा त्यांना फारशी लाभली नव्हती. त्यांच्या सरकारने सरकारी अनुदानावाचून अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास खाजगी संस्थांना परवानगी दिली. महाराष्ट्रातील मुले देणग्या भरून कर्नाटकात शिकावयास जातात, मग तो पैसा आणि ती मुले येथेच का राहू नयेत, असा त्यावेळचा युक्तिवाद होता. परवानगी मिळताच त्याच वर्षी वाळवे तालुक्यात साखराळ्यास राजारामबापू पाटील यांच्या नावाचे, सांगलीजवळ बुधगावास वसंतदादांच्याच नावाचे, आणि साताऱ्यास रयत संस्थेने खुद्द कर्मवीरांच्या नावाचे अशी महाविद्यालये निघाली. साखर कारखाने, सहकारी संस्था आणि त्यांचे पुढारी हे ह्या चळवळीचे बळ होते. ज्या माळावर ऊसही येत नव्हता तेथे इमारती आल्या.

हे सर्व वाईटच झाले असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. एरवी मुंबई-पुण्याच्या चार ठिकाणी ज्यांना शिरकाव मिळाला नसता, अशी खेड्यांतील असंख्य मुले, आणि विशेषेकरून मुली, घराजवळ शिकू शकल्या. जत-आटपाडीच्या दुष्काळी रानातील शेतकऱ्याची कन्या अभियंता होऊ शकते ही गोष्ट लहान नव्हे. परंतु एक पालट झाला तो मान्य केला पाहिजे. फी घामाने भरावयाची ती आता पैशाने भरावयाची झाली. १९८७ साली राज्याला प्रवेश-देणग्यांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला, १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन प्रकरणात मोफत जागा व शुल्काच्या जागा अशी वाटणी करून दिली, आणि २००२ साली तेही न्यायालयाने मोडून काढले. ह्या कोर्टकचेऱ्यांच्या मागे प्रत्येक घरात जमिनीचा एक तुकडा, एखादे सोन्याचे मणी-डोरले किंवा बँकेचे कर्ज उभे असते. ज्या संस्थेचा जन्म लक्ष्मीबाईंच्या दागिन्यांवर झाला, तिच्याही महाविद्यालयाला ह्या नव्या हिशेबातच चालावे लागले, ह्यात तिचा दोष नाही. हिशेबच निराळा झाला होता.

ह्याच १९८३ सालाची आणखी एक गोष्ट. इन्फोसिस ही कंपनी १९८१ साली पुण्यास, अवघ्या दहा हजार रुपयांच्या भांडवलावर निघाली, आणि १९८३ साली ती बंगळुरास गेली. एकीकडे आमच्या माळांवर महाविद्यालये उभी राहत होती व दुसरीकडे ज्या धंद्यासाठी ती पुढे मनुष्ये तयार करणार होती तो आमच्या दारावरून निघून जात होता, हे त्यावेळी कोणाच्याही ध्यानात आले नसेल. माहिती तंत्रज्ञान ह्या नावाची स्वतंत्र पदवी तर तेव्हा निघालीही नव्हती. ती आली गेल्या शतकाच्या अगदी अखेरीस, जगातील जुन्या संगणकांना सन २००० हा आकडा समजेल की नाही ह्या धास्तीने हुशार हातांना एकाएकी मागणी आली त्या सुमारास. आणि आली तीच बंगळूर, हिंजवडी व परदेश ह्यांच्या दिशेने तोंड करून. नांगराचा कारखाना कुंपणापलीकडे होता. ह्या विद्येचा कारखाना साताऱ्याहून तीन तासांवर आणि सांगलीहून रात्रीच्या गाडीवर आहे.

भाषेचीही गोष्ट तशीच. मराठी शाळेत दहावीपर्यंत गणितात पहिला येणारा मुलगा येथे पहिल्या वर्षी मागे पडतो तो पुष्कळदा बुद्धीने नव्हे, पुस्तकाच्या इंग्रजीने. संगणकास मराठी येत नाही अशी समजूत करून घेण्यास तर काहीच आधार नाही. देवनागरी उमटविण्याचे तंत्र कानपूरच्या संस्थेत सिद्ध होऊन १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले, आणि १९९१ साली जगाच्या सामायिक लिपिसंकेतात देवनागरीस तिची जागा मिळाली. यंत्र मराठी शिकले. अभ्यासक्रम मात्र अजून बिचकतो आहे. २०२१ साली पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकविण्यास आरंभ झाला, तो प्रयोग कृष्णाकाठच्या संस्थांनी डोळ्यांत तेल घालून पाहावा असे आम्हांस वाटते.

ह्या विद्येला आमच्या मुलखात कामच नाही, म्हणून मुले बाहेर जातात, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर वारणेच्या काठी मिळते. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतालची सत्तर गावे, काही कोल्हापूर जिल्ह्यातील व काही सांगलीतील, संगणकांनी जोडण्याची योजना सरकारने हाती घेतली. गावातल्या केंद्रावर शेतकऱ्यास बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी माहिती असे सर्व ज्ञान मिळावे, असा बेत होता. प्रत्यक्षात शेतकरी केंद्रावर जाई तो मुख्यतः तीन-चार गोष्टींसाठी: माझ्या उसाचे वजन किती भरले, तोडणीची चिठ्ठी केव्हा, खताचे किती मांडले, आणि बिल किती निघाले. बेत आखणाऱ्यांस ही मोठी निराशा वाटली असेल. आम्हांस ती वाटत नाही. काट्यावर आपली गाडी किती भरली हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावयाचे, ह्याची बोच ज्याने उसाची एक तरी मोळी बांधली आहे त्यास समजते. तो आकडा आपल्याच गावात, मागताक्षणी पाहावयास मिळणे हे त्याच्या दृष्टीने ज्ञानच आहे.

पुढे ती यंत्रे जुनी झाली, त्यांचा खर्च परवडेना. तेव्हा २००६च्या सुमारास बंगळुरातील एका संशोधनशाळेतील मंडळी तेथे आली. त्यांनी सात गावांत संगणक काढून त्यांच्या जागी साधे मोबाइल फोन ठेवले: लघुसंदेश धाडावयाचा, आणि कारखान्याच्या नोंदीतील आकडा उत्तरादाखल परत यावयाचा. कामही तेच झाले आणि खर्चही पुष्कळ उतरला. ही युक्ती पदवीच्या तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यास करता यावी इतकी सोपी होती, आणि वारणानगरास अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ सालापासून आहे. तरी ती सुचली ती बंगळुराहून आलेल्या माणसांना. आणि त्यांना सुचण्याचे कारण एवढेच की, ती माणसे केंद्रावर जाऊन शेतकरी काय विचारतो हे ऐकत बसली होती.