काटा, ताप आणि पहारेकरी

करवंदे पिकू लागली की आमच्या कापड्याच्या शाळेत एखादे तरी पोर लंगडत येतेच. यंदा एकाच्या टाचेत काटा मोडून ठणकत होता. "गुरुजी, पू म्हणजे काय हो?" त्याने विचारले, आणि मला मेच्निकॉफची गोष्ट आठवली.

1882 च्या डिसेंबरात सिसिलीतील मेसिना येथे या रशियन पंडिताने ताऱ्यामाशाच्या पारदर्शक पिल्लांत काटे खुपसले. सकाळी पाहतो तो काट्यांभोवती फिरत्या पेशींची गर्दी! आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही अशाच धावून जातात, जंतू गिळतात. पू म्हणजे बव्हंशी त्यांतल्या कामी आलेल्यांचा ढीग.

या मेच्निकॉफांचे ओडेसातले शिष्य हाफकिन. 1896 च्या सप्टेंबरात डॉ. व्हिएगस यांनी मुंबईत मांडवीला प्लेग ओळखला आणि पुढच्याच महिन्यात हाफकिन तेथे दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी मांसाच्या पाण्यात जंतू वाढवले. वर चक्क तूप सोडले! तुपाच्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारून 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ताप चढला, अंग दुखले.

लोकांना भय वाटले ते या तापाचेच. सुईनेच प्लेग होतो, अशी आवई उठली. त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. मेलेल्या जंतूने ताप का यावा, हे तेव्हा पुरते कोणाला उमगले होते?

जंतूच्या कवचातच एक चरबीयुक्त विष असते. पांढऱ्या पेशींच्या अंगावर ते ओळखणारा 'टोल' नावाचा ग्राहक असतो, हे 1998 मध्ये उलगडले. विष तेथे चिकटले की पेशी रसायने सोडते. त्यांचा सांगावा मेंदूला पोचतो आणि ताप चढतो. तो ताप म्हणजे पहारेकऱ्यांची हाक होती.

प्लेगचा जंतू मात्र मोठा लबाड. पिसवेच्या थंड अंगात त्याच्या विषाला चरबीच्या सहा शेपट्या असतात. माणसाच्या ऊबेत तो चारच ठेवतो. पहारेकऱ्याला ओळख पटेना! 2006 मध्ये शास्त्रज्ञांनी सहाही शेपट्या टिकवणारा जंतू घडवला, तर उंदीर त्याला पुरून उरले. एरवी पहारेकरी जागे होईतो जंतू बेसुमार वाढलेला असतो.

आजीचे आजेसासरे गिरणीतून पळून कापड्यास आले, बरोबर धाकटा भाऊ. तापाच्या धास्तीने दोघांनीही सुई टाळली होती. वाटेत भाऊ हसतखेळत होता म्हणे. चौथ्या दिवशी काखेत गाठ आली. गावाबाहेर माळावर झोपडी घालून त्याला ठेवले, आणि भाकरी दुरून सरकवीत. ती जागा आजीने मला दाखवली आहे. तेथे अजून कोणी नाचणी लावीत नाही.