चाड्यावरची मूठ आणि दाणेदार औषध



आपल्या भागात पाभर आणि तिच्या चाड्यावरची मूठ हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले काम. चाड्यावर बहुधा घरची बाई असायची. बैलांच्या चालीने तिची मूठ सुटायची, दाणा नळ्यातून फणामागे पडायचा आणि मागून रासणी फिरली की झाकला जायचा. दाणा मापात पडावा, ओळीत पडावा आणि मातीआड व्हावा, हे त्या पेरणीचे तीन नियम. आज ट्रॅक्टरमागे दाणेदार कीटकनाशक पेरणारे यंत्र दिसते, ते याच पाभरीचे नातवंड आहे. पेटी म्हणजे चाडे. नळे आणि फण तेच. पण पेटीत बियाणे नाही, विष आहे. आणि विषाला मूठ लावायची नसते. हे आपण फार उशिरा शिकलो.

१९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेचे पाणी कालव्यांनी फिरले. १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले. ऊस वाढला, तशी हुमणीही वाढली. हुमणी जमिनीत राहून मुळ्या खाते, वरच्या फवाऱ्याने ती हाती लागत नाही. म्हणून औषध मातीत घालणे आले.

आधी आली बी.एच.सी.ची भुकटी. ती वाऱ्याने उडायची, धुरळणाऱ्याच्या नाकातोंडात जायची, आणि मातीत वर्षानुवर्षे टिकायची. १९९७ साली ती देशात बंद झाली. भुकटीवर उपाय म्हणून दाणेदार औषधे पुढे आली. वाळूसारख्या दाण्यावर औषध चढवलेले. उडत नाही, मुळाशी पडते. फोरेट १० टक्के दाणेदार हेक्टरी २५ किलो, म्हणजे एकरी १० किलो, ही शिफारस जुन्या मंडळींना पाठ असेल.

पण दाणा उडत नाही म्हणून तो निरुपद्रवी, असा समज झाला आणि तिथेच घात झाला. पाटीत वाळू घ्यायची, त्यात दाणे कालवायचे आणि उघड्या हाताने सरीत टाकायचे! पोत्याच्या तळाची बारीक पूड श्वासातून जाते आणि घामेजल्या कातडीतून विष अंगात उतरते, हे कोणी सांगितलेच तर मनावर कोण घेणार? फोरेटच्या पोत्यावर लाल त्रिकोण होता, म्हणजे अति जहाल विष.

तो त्रिकोण फुकट आला नाही. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक गव्हाच्या पिठात मिसळले गेले आणि शंभरावर माणसे मेली. त्यानंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. त्याच साली राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पण कायदा कागदावर आणि मूठ वावरात, अशी गत राहिली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले. २०१८ च्या आदेशाने फोरेटचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला. घरात जुने पोते उरले असेल, तर ते वापरू नका. कृषी विभागाला विचारूनच त्याची विल्हेवाट लावा.

आता यंत्राचे. पाभरीचे तिन्ही नियम इथेही लागू आहेत.

पहिला, माप. लेबलावर हेक्टरी २५ किलो असेल आणि सरी चार फुटी म्हणजे १२० सेंटिमीटर असेल, तर १०० मीटर सरीत ३०० ग्रॅम पडले पाहिजेत. नळ्याला पिशवी बांधून १०० मीटर चाला, वजन करा, मगच पेटीची झडप पक्की करा. पिशवी बांधता-सोडताना हातमोजे हवेतच.

दुसरा, ओळ. बांधाशी वळताना आधी दाण्याचा प्रवाह बंद, मग अवजार वर. वळणावर सांडलेले दाणे चिमण्या, मोर आणि घरच्या कोंबड्या टिपतात.

तिसरा, माती. दाणा उघडा दिसला, तर तो झाकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पेटी भरताना वारा पाठीवर घ्या. हातमोजे, बूट, पूर्ण बाह्या आणि नाकातोंडावर योग्य मास्क हवा. नळा तुंबला तर इंजिन बंद करून काडीने मोकळा करा. तोंडाने कधीही फुंकू नका. चालत्या यंत्रावर मागे माणूस उभा करू नका, पोर तर नाहीच. रिकाम्या पोत्यात धान्य भरू नका.

घाम, लाळ, छातीत कोंडणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे अशी लक्षणे दिसली, तर कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा आणि लेबलासकट दवाखाना गाठा. घरगुती उपायात वेळ घालवू नका.

आणि एक जुनी युक्ती विसरू नका. पहिल्या वळवानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर हुमणीचे भुंगेरे येतात. सगळ्या गावाने मिळून फांद्या हलवून ते गोळा केले आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले, तर अंडी घालायला मादी उरत नाही आणि पेटीतले औषधही कमी लागते.

चाड्यावरची मूठ आपल्या आया-आज्यांचे कसब होते. ते बियाण्यासाठी जपा. विषाचे काम यंत्रावर सोपवा, आणि हातमोजे चढवल्याशिवाय त्या यंत्रालाही हात लावू नका.