धाब्याची माती : वऱ्हाडातील गळतीनिवारणाचे एक दुर्लक्षित अंग

उंद्री हे बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील गाव. हा प्रदेश जुन्या वऱ्हाडात बालाघाट म्हणून ओळखला जाई. येथील परंपरागत गृहरचनेत गवती छपराबरोबर मातीचे सपाट छप्पर, म्हणजे धाबे, रूढ होते. मातीचे छप्पर पावसाळ्यात गळू नये म्हणून काय केले जाई, हा प्रश्न वरवर पाहता गवंड्याचा वाटेल. तो इतिहासाच्या अभ्यासकाचाही कसा आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

धाब्याची रचना साधी असे. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर दाट बसविलेल्या काटक्या व पाला, त्यावर चिखलाचा थर आणि सर्वांत वर पांढरी माती. शेतातील काळी माती येथे निरुपयोगी ठरते. कारण ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. जुन्या वस्तीची पांढरी माती बारीक व चुनखडीयुक्त असून तिला तशा भेगा पडत नाहीत. पूर्णाकाठच्या खारपट्ट्यातील खाऱ्या मातीचा गुण याहून निराळा. तिच्यातील सोडियममुळे चिकणमातीचे कण पाण्यात सुटे होतात, छिद्रांत जाऊन बसतात आणि पाणी झिरपण्याची वाट बंद करतात.

परंतु केवळ मातीच्या निवडीने काम भागत नसे. धाब्याला पन्हळांकडे उतार ठेवावा लागे, उगवलेले गवत मुळासकट काढावे लागे, उंदरांची बिळे बुजवावी लागत आणि मृगापूर्वी नवी माती पसरून चोपावी लागे. पावसाने धुपून गेलेली माती दरवर्षी भरून काढणे हेच गळतीनिवारणाचे खरे साधन होते.

या वार्षिक प्रघाताचे दोन परिणाम विशेष विचारार्ह आहेत. पहिला पुराव्यासंबंधी. महाराष्ट्रात गावठाणाला पांढरी आणि शेतजमिनीला काळी म्हणतात. शतकानुशतकांच्या भिंती, राख व शेण यांतून पांढरीचे टेकाड वाढते. आणि घरांसाठी माती हवी म्हणून लोक तेच टेकाड खणतात. प्राचीन वसाहतींची अनेक टेकाडे अशा खणण्याने विस्कटली आहेत. याच जिल्ह्यात भोन येथे डेक्कन कॉलेजने विद्यमान शतकाच्या आरंभी केलेल्या उत्खननात प्राचीन ऐतिहासिक काळातील वसाहतीचे अवशेष उजेडात आले; अशा स्थळांचे मोल लक्षात घेता ही हानी सामान्य नव्हे. शिवाय टेकाडाच्या मातीबरोबर जुनी खापरेही छपरावर चढतात. म्हणून पडक्या घराच्या मातीत सापडलेल्या खापरावरून त्या घराचा काळ ठरविणे धोक्याचे होय.

दुसरा परिणाम भाराचा. जुना थर न काढता नवी माती घालीत गेल्यास छप्पर जड होत जाते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. तेथील घरांच्या मातीत रचलेल्या दगडी भिंती व त्यांवरील मातीची जाड छपरे ही या प्राणहानीची प्रमुख कारणे ठरली. पाण्यापासून रक्षणासाठी पिढ्यांनी घातलेली माती त्या पहाटे घातक झाली.

नालीदार लोखंडी पत्र्याचे एकस्व लंडनमध्ये १८२९ साली घेतले गेले. भुसावळहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, तेव्हा असा माल दूरवर नेणे सुकर झाले. पुढे टिनपत्र्याने धाब्याची जागा घेतली. भार हलका झाला, दरवर्षीची माती चुकली; मात्र उन्हाळ्याची होरपळ वाढली आणि गळतीची जागा खिळ्यांच्या छिद्रांत व पत्र्यांच्या जोडांत सरकली.

तेव्हा धाबे एकदा बांधून संपलेली वास्तू म्हणून अभ्यासणे अपुरे आहे. उंद्रीसारख्या गावी जुने धाबे उतरविले जात असेल, तर मातीच्या थरांची जाडी मोजावी, ती कोठून आणली हे वृद्धांना विचारावे आणि खापरे वेगळी ठेवावीत. धाबे एकदा उतरले की हा पुरावा पुन्हा मिळणार नाही.