पायाची पट्टी

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तह उभे राहतात. चार बोटें रुंद आणि कांहीं हात लांब अशा कापडाच्या पट्टीलाहि इतिहास असूं शकेल, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. माझ्याहि आलें नसतें. पण गेल्या उन्हाळ्यांत आमच्या चंद्रपूरच्या जुन्या घराचा माळा झाडतांना आजोबांची पत्र्याची पेटी निघाली, आणि तिच्या तळाशीं, खाकी कोटाखालीं, गुंडाळून ठेवलेल्या लोंकरी पट्ट्यांची एक जोडी सांपडली. आजोबा जंगलखात्यांत नोकरीला होते. रोज सकाळीं ओट्यावर बसून ते घोट्यापासून गुडघ्यापर्यंत ही पट्टी कशी चापून बसवीत, याचें वर्णन वडील मोठ्या कौतुकानें करीत. पट्टी बांधली म्हणजे दहा कोस चाललें तरी पोटऱ्या भरून येत नाहींत, असें आजोबांचें ठाम मत होतें. तें मत खरें कीं नुसता समज, हें पाहावें म्हणून मी पुस्तकें उघडलीं, आणि पाहतां पाहतां पट्टीनें मला फार दूर नेलें.

प्रथम तिचें अलीकडचें चरित्र पाहूं. हिमालयाच्या बाजूचे डोंगरी लोक थंडीपासून आणि कांट्यांपासून रक्षण व्हावें म्हणून पायांस कापड गुंडाळीत. एकोणिसाव्या शतकांत सरहद्दीवरील फौजेनें ही रीत उचलली, आणि वस्तूबरोबर आपला 'पट्टी' हा शब्दहि इंग्रजी कोशांत जाऊन बसला. पायदळाचा शिपाई ती घोट्यापासून वर गुंडाळी, तर घोडेस्वार गुडघ्यापासून खालीं. पहिल्या महायुद्धांत ती लाखों सैनिकांच्या पायांवर होती. आणि तेथेंच तिची काळी बाजूहि दिसून आली. फ्रान्सच्या चिखलानें भरलेल्या खंदकांत दिवसचे दिवस उभे राहिलेल्या सैनिकांचे पाय सुजत, बधिर होत, आणि कित्येकांचे सडतहि. थंडी आणि ओल हीं मुख्य कारणें खरीं. पण घट्ट बूट आणि घट्ट बांधलेल्या ओल्या पट्ट्या यांसहि वैद्यांनीं दोष दिला. जी पट्टी चालणाऱ्या पायास आधार देते, तीच न हलणाऱ्या, भिजलेल्या पायाचा गळा आवळते, हा धडा तेव्हां मोठी किंमत देऊन शिकावा लागला.

वास्तविक हा धडा आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतानें व्रणबंधाचे चौदा प्रकार सांगितले आहेत. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्यानें केलेला दुसरा भेद. बंध गाढ असावा, सम असावा, कीं शिथिल असावा, हें तो शरीराच्या भागावरून ठरवितो. हातापायांस सम बंध, सांध्यांस शिथिल. जेथें सम किंवा शिथिल हवा तेथें गाढ बांधल्यास औषध वायां जातें आणि सूज व वेदना उत्पन्न होतात, असें तो बजावतो. शरीरांत रक्त फिरतें हें ठाऊक नसतांना, केवळ डोळे आणि बोटें यांच्या बळावर, दाबाचें प्रमाण हाच खरा प्रश्न आहे हें त्यानें ओळखलें होतें.

रक्त फिरतें हें सिद्ध करण्याचें श्रेय विल्यम हार्वे याचें. त्याचा ग्रंथ 1628 सालीं निघाला. त्याचा गुरु फाब्रिशियस यानें शिरांतील झडपांचें वर्णन 1603 सालीं प्रसिद्ध केलें होतें. परंतु त्या झडपा कशासाठीं, हें त्यास नीट उमगलें नव्हतें. हार्वेनें दंडास पट्टी बांधली. पट्टी फार घट्ट असतां हात फिका व थंड पडला; जराशी सैल करतांच हात लाल होऊन शिरा टरारून फुगल्या. खोल असलेल्या धमन्यांतून रक्त येत होतें, पण वरच्या वर असलेल्या शिरा दाबल्या गेल्यामुळें तें परत जात नव्हतें. म्हणजे रक्ताभिसरणाच्या शोधाची एक साक्षीदार साधी पट्टीच होय.

आतां पायाचा विचार करूं. हृदयापासून पाऊल सर्वांत दूर आणि सर्वांत खालीं. मनुष्य निश्चल उभा असतां घोट्याजवळील शिरांतील दाब पाऱ्याच्या सुमारें 80 ते 90 मिलिमीटरांपर्यंत चढतो, कारण हृदयापर्यंतचा रक्ताचा सारा स्तंभ तेथें उभा असतो. चालूं लागतांच पोटरीचे स्नायू आंवळतात, खोल शिरा पिळल्या जाऊन रक्त वर ढकललें जातें, झडपा तें खालीं येऊं देत नाहींत, आणि हा दाब 30 च्या आसपास किंवा त्याहूनहि खालीं उतरतो. पोटरी हें जणूं दुसरें हृदयच. झडपा निकामी झाल्या, किंवा माणूस तासन् तास एकाच जागीं उभा राहिला, कीं हा पंप थकतो. शिरा फुगतात, द्रव बाहेर झिरपतो, सूज येते, आणि पुढें न भरणारे व्रणहि होतात.

अशा पायास बाहेरून बेताचा दाब दिल्यास फुगलेल्या शिरा अरुंद होतात, झडपांचीं पाळीं पुन्हां एकमेकांस भिडतात, रक्ताची गति वाढते आणि झिरपणें कमी होतें. मात्र दाब घोट्याशीं सर्वांत जास्त आणि वर जातां जातां कमी असला पाहिजे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्लस राजाचा शस्त्रवैद्य रिचर्ड वाइजमन यानें 1676 सालच्या आपल्या ग्रंथांत नाडीनें आंवळावयाच्या कातडी मोज्याचें वर्णन केलें. पुढें रबराचे लवचिक मोजे निघाले. या चढत्या-उतरत्या दाबाचें मर्म व्यवहारांत उतरविलें तें विसाव्या शतकाच्या मध्यास, अमेरिकेंत स्थायिक झालेल्या कॉनराड जॉब्स्ट नांवाच्या जर्मन इंजिनियरानें. तो स्वतः पायाच्या व्रणांनीं त्रस्त होता. पोहण्याच्या हौदांत उभें राहिलें कीं आपणांस आराम पडतो, असें त्याच्या ध्यानांत आलें. कारण उघड होतें: पाणी जितकें खोल तितका दाब अधिक. फूटभर पाण्याचा दाब पाऱ्याच्या सुमारें 22 मिलिमीटर भरतो. आणि आजचे वैद्यकीय मोजे घोट्याशीं बहुधा 20 ते 30 मिलिमीटरच देतात. मोजा म्हणजे पायाबरोबर चालणारा हौद.

तथापि मोज्याचें स्तोत्र गाण्याचें कारण नाहीं. शिरांच्या बिघाडामुळें झालेले व्रण दाबानें लवकर भरतात, हें निर्विवाद आहे. उलट पक्षीं, पक्षाघातानें अंथरुणाला खिळलेल्या अडीच हजार रोग्यांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष 2009 सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत मांडीपर्यंतच्या मोज्यांनीं शिरांत रक्त गोठणें कमी झालें नाहीं; त्वचेस इजा मात्र अधिक झाल्या. आणि ज्याच्या धमन्याच अरुंद झाल्या आहेत, त्याच्या पायास असा मोजा घालणें म्हणजे आटत चाललेल्या ओढ्यावर बांध घालणें होय. वैद्यानें पायाची नाडी पाहिल्यावांचून मोजा घालूं नये, असें म्हणतात तें याचकरितां.

येथवर आल्यावर मला आमचा मुलूख आठवला. चंद्रपूर आणि 1982 सालीं त्यापासून वेगळा झालेला गडचिरोली, हे दोन्ही जिल्हे तळीं, भात आणि जंगल यांचे. आणि दुर्दैवानें हत्तीपायाचेहि. जेथें जुनें पाणी सांचून राहतें आणि सर्व ऋतूंत गारवा असतो, त्या देशांत श्लीपद विशेष होतो, असें सुश्रुतानें लिहून ठेविलें आहे. त्याचें निरीक्षण अचूक, कारणमीमांसा मात्र वेगळी. रोग्याच्या रक्तांतील सूक्ष्म कृमि 1872 सालीं टिमोथी लुईस यानें कलकत्त्यास पाहिले, आणि डासाचा संबंध पॅट्रिक मॅन्सन यानें 1877 सालीं चीनमध्यें दाखविला. हा डास भाताच्या बांधीपेक्षां गांवच्या गटारांत आणि घाण डबक्यांत अधिक वाढतो. कृमि रक्तवाहिन्यांत घर करीत नाहींत; ऊतींत झिरपलेला द्रव परत रक्तांत पोंचविणाऱ्या ज्या लसीकावाहिन्या, त्यांत ते राहतात आणि त्यांच्या झडपा निकामी करतात. पुढें बोटांच्या बेचक्यांतील भेगांतून जंतु शिरतात, वारंवार ताप येतो, आणि दर तापागणिक पाय थोडा अधिक जाड होतो. सरकारचा हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम 1955 पासून चालू झाला, आणि 2004 पासून वर्षांतून एकदां घरोघर गोळ्या देण्याचा प्रघात पडला. त्या गोळ्या नवा प्रसार थांबवितात. सुजलेला पाय मात्र त्यांनीं पूर्ववत् होत नाहीं.

आमच्या घरीं धान्य निवडावयास वैनगंगेकांठच्या एका गांवची म्हातारी येत असे. तिचा डावा पाय हत्तीचा. गुडघ्याच्या वर ती जुन्या लुगड्याचा कांठ करकचून बांधी. मीं एकदां विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "बांधून ठेवलं म्हंजे वर नाही चढत, मास्तर." मी हंसून पुस्तकाकडे वळलों. दहा वर्षें मीं तो कांठ पाहिला. आतां कळतें कीं हार्वेनें दंडास जी पट्टी बांधली, तीच ती बाई रोज आपल्या मांडीस बांधीत होती. जेथें दाब नको तेथें तो देत होती, आणि परतीची उरलीसुरली वाट आपल्याच हातानें अडवीत होती. तिच्याजवळ पट्टीहि होती आणि चिकाटीहि. उणीव होती ती चार वाक्यांची. तीं चार वाक्यें सांगण्याजोगें शिक्षण ज्याचें झालें होतें, तो समोर आरामखुर्चींत बसला होता. ती वारून आतां बरींच वर्षें झालीं.

तीं चार वाक्यें अशीं. पाय रोज साबणानें व स्वच्छ पाण्यानें धुवावा आणि बेचक्यांसकट कोरडा करावा. बसतां-निजतांना तो उंचावर ठेवावा. घोटा वरखालीं हालवीत राहावें, आणि पायांत वाहाण असावी. पट्टी बांधणें झाल्यास ती जाणत्यास विचारून, पावलापासून वर, खालीं घट्ट व वर सैल अशी, आणि स्वच्छ पायावरच बांधावी. एक वर्ष लोटलेला श्लीपद सुश्रुतानें असाध्य म्हणून सोडून दिला होता. आज तसें म्हणावयाचें कारण नाहीं. जुना पायहि या काळजीनें तापापासून वांचतो आणि पुष्कळदां हलका होतो.

आजोबांचें मत मग खरें होतें काय? बऱ्याच अंशीं. ते पट्टी पायथ्यापासून वर बांधीत, दिवसभर चालत, आणि घरीं येतांच सोडून पाय धूत. पट्टीचें सारें शास्त्र या तीन गोष्टींत आलें. ती जोडी मीं पुन्हां पेटींत ठेवली नाहीं. माझ्या टेबलावर, पुस्तकांच्या शेजारीं ठेविली आहे.