नाव नसलेला शस्त्रवैद्य

इंदूरला गेलो की राजवाड्यासमोर थोडा वेळ थांबायचे, हा माझा जुना परिपाठ. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १८०१ साली सर्जेराव घाटग्यांनी तो जाळला (हे सर्जेराव कागलचे, म्हणजे आपल्या सीमाभागाचे शेजारीच!). पुढे १९०८ आणि १९८४ सालीही आगी लागल्या.

या खेपेला एक माजी विद्यार्थी सोबत होता. एम.बी.बी.एस. होऊन तो आता दुसऱ्या एका शहरात शल्यचिकित्सेचे एम.एस. करतो आहे. इंदूरची वैद्यकीय परंपरा जुनी. इथे १८७८ साली वैद्यकीय शाळा निघाली, १९४८ साली महात्मा गांधी स्मारक महाविद्यालय सुरू झाले, आणि यशवंतराव होळकरांच्या नावाचे रुग्णालय तर 'एम. वाय.' म्हणून साऱ्या माळव्याला ठाऊक आहे. सहज त्याला विचारले, "तुझ्या प्रबंधाचे काय?" तो हसला. "सर, जागरणे पेशंटसाठी, प्रबंध परीक्षेसाठी."

एम.एस.च्या तीन वर्षांत प्रबंध लिहावाच लागतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या काळात त्यात भर पडली. परिषदेत भित्तिपत्रक मांडा, निबंध वाचा, शिवाय एक शोधलेख छापून आणा. छापला नसेल तर नुसता पाठवलेलाही चाले! कायद्याच्या या शेवटच्या शब्दातच सगळे आले. डॉ. समीरन नंदी हे स्वतः शल्यचिकित्सक. त्यांनी सहकाऱ्यांसह २०१६ साली देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांचा हिशेब प्रसिद्ध केला. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत त्यांपैकी ३३२ संस्थांतून एकही शोधलेख निघाला नव्हता. वर्षाला शंभराहून अधिक लेख देणाऱ्या संस्था अवघ्या २५.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यावर पुण्याची एक हकीकत आठवते. अहिल्याबाई हयात होत्या, त्या काळातली. कावसजी नावाचा मराठा गाडीवान १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर होता. तो टिपूच्या हाती सापडला. टिपूने त्याचे नाक व एक हात कापला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. आधी मेणाचा साचा, तो कपाळावर पसरून रेघ आखायची, तेवढी कातडी सोलायची, मात्र दोन भुवयांमधला धागा तोडायचा नाही. ती कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवायची, वर काथाचा लेप, मग तुपात भिजवलेल्या पट्ट्या. कातडी नव्या जागी रुजली की सुमारे पंचविसाव्या दिवशी तो धागा कापायचा. दोघा इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते चित्रासह छापून आले. तेथील जोसेफ कार्प्यू यांनी मृतदेहांवर सराव करून १८१४ साली तीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली तिचे पुस्तक लिहिले. कार्प्यू वैद्यकाच्या इतिहासात आहेत. पुण्याच्या कारागिराची त्या लेखात जात आहे, नाव नाही. ज्या पुण्यात पेशव्यांचे कारकून पै-पैचा हिशेब लिहीत होते, त्या पुण्यात!

आजचा निवासी डॉक्टर लिहायला-वाचायला शिकलेला आहे, पण रात्रभर अपघात विभागात उभा राहून सकाळी त्याच्याकडून विचार कसा व्हावा? मार्गदर्शकालाही सवड नसते. मग मागल्या प्रबंधातले आकडे बदलून पुढचा तयार होतो, तो ग्रंथालयात जातो, संपले. बैलाच्या शिंगाने फाटलेले पोट, विषमज्वराने छिद्र पडलेले आतडे, अशा रुग्णांचा हिशेब लंडनचा सर्जन कशाला मांडेल?

मी हे सारे राजवाड्यासमोरच त्याला ऐकवले, मास्तरांची खोड. त्याचा विषय ऊसतोडणीतल्या कोयत्याच्या जखमा हा आहे. रुग्ण किती तासांनी आला, कोणते बोट, टाके केव्हा काढले, पुन्हा कोयता धरता आला का, हे तो स्वतः वहीत लिहितो. शेवटच्या रकान्यासाठी त्याला तोडणी संपल्यावर गावोगाव फिरावे लागणार आहे, आणि त्याची रजा अजून मंजूर झालेली नाही.