सांध्यांवर उभी राहणारी भिंत : मातीचा भराव आणि काँक्रीटच्या पॅनेलचा इतिहास

कुंभकोणमच्या पश्चिमेला, स्वामिमलैजवळ, तिरुवलंचुळी नावाचे गाव आहे. तमिळमध्ये ‘वलम्’ म्हणजे उजवी बाजू आणि ‘चुळी’ म्हणजे भोवरा. स्थलपुराण सांगते, की कावेरी येथे जमिनीतल्या एका विवरात शिरून नाहीशी झाली. हेरंड ऋषींनी त्या विवरात आत्मसमर्पण केले, तेव्हा ती पुन्हा वर आली आणि उजवा वळसा घेऊन वाहू लागली. कथा श्रद्धेची आहे. परंतु पाणी आतून माती पोखरते आणि वरची जमीन खचते, हा अनुभव गाळाच्या प्रदेशात राहणाऱ्या प्रत्येकाचा आहे. माती आवरून धरणाऱ्या भिंतींचा सारा इतिहास या एका अनुभवाभोवती फिरतो.

हा प्रदेश तंजावरच्या मराठी राज्यात होता. १७७३ साली अर्काटच्या नवाबाने ईस्ट इंडिया कंपनीच्या मदतीने तंजावर घेतले आणि तुळजाजी राजे कैदेत पडले. त्याच वर्षी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे शार्ल ओगुस्तँ कूलाँ या लष्करी अभियंत्याने एक प्रबंध वाचला. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधताना त्याला पडलेला प्रश्न साधा होता : भिंतीमागची माती भिंतीला किती जोराने ढकलते? मातीची एक पाचर तिरक्या पृष्ठावरून खाली घसरू पाहते, आणि घर्षण तिला अडवते, असे त्याचे उत्तर होते. हा प्रबंध १७७६ मध्ये छापला गेला. तुळजाजींना गादी परत मिळाली तीही १७७६ मध्येच.

कूलाँच्या गणिताने भिंतीची जाडी ठरवता येऊ लागली, पण भिंतीचे तत्त्व बदलले नाही. दगडी असो वा काँक्रीटची, ती आपल्या वजनाने मातीला अडवी. उंची वाढली की पायाकडची जाडी वाढे आणि पायाखालच्या जमिनीवरचा भारही वाढे. खडकावर हे चालते. कावेरीच्या गाळासारख्या मऊ जमिनीवर मात्र अशी अवजड, एकसंध भिंत असमान खचून तडकण्याचा धोका असतो.

वेगळी वाट फ्रेंच अभियंता व वास्तुविशारद आंरी विदाल यांनी दाखवली. समुद्रकिनाऱ्यावर वाळूचे ढीग रचताना त्यांच्या ध्यानात आले, की थरांमध्ये पाइन वृक्षाच्या सुया घातल्या तर ढीग अधिक उभा राहतो. कल्पना पूर्णपणे नवी नव्हती. इराकमधील अकर कूफच्या प्राचीन मनोऱ्यात विटांच्या थरांमध्ये वेताच्या चटया आहेत; भिंत सारवण्याच्या मातीत भाताचा पेंढा तुडवणारा आपला शेतकरीही हेच करतो. विदाल यांनी या जुन्या शहाणपणाला गणित दिले. १९६३ मध्ये त्यांनी पेटंट घेतले आणि १९६५ मध्ये पिरेनीज पर्वतात प्राग्नेर येथे पहिली भिंत उभी राहिली. भरावाच्या थराथरांत पोलादी पट्ट्या आडव्या अंथरायच्या. माती त्यांना घर्षणाने घट्ट धरते, आणि मातीचा तो जाड ठोकळा स्वतःच भिंत बनतो.

मग दर्शनी भागाचे काम काय उरले? पट्ट्यांच्या अधलीमधली माती गळू न देणे. विदाल यांचे पहिले आवरण वाकवलेल्या पोलादी पत्र्याचे होते. १९७१च्या सुमारास त्याची जागा अधिक-चिन्हाच्या आकाराच्या काँक्रीट पॅनेलने घेतली, आणि तोच आकार जगभर पसरला.

या आकारातील खुबी पाहण्यासारखी आहे. पॅनेल साधारण दीड मीटर लांब-रुंद आणि १४ ते १८ सेंटीमीटर जाड असते. त्याचे आडवे हात शेजारच्या पॅनेलांच्या खाचांत बसतात. पहिल्या ओळीत अर्धे व पूर्ण पॅनेल आलटूनपालटून मांडले, की पुढचे प्रत्येक पॅनेल दोन शेजाऱ्यांच्या मधे आपोआप अडकते. उभ्या कडांतील खुंटी आणि भोक त्यांना एका रेषेत ठेवतात; आडव्या सांध्यांत रबराची गादी असते, त्यामुळे काँक्रीटवर काँक्रीट घासून कड फुटत नाही. सुमारे २ सेंटीमीटरचे हे सांधे म्हणजे हेतुतः ठेवलेली मोकळीक होय. त्यांच्यामुळे १०० मीटर लांबीत १ मीटर इतके असमान खचणेही अशी भिंत सहसा सोसू शकते.

भाराचा अंदाज विद्यार्थ्यांना कागदावर करता येईल. भरावाचे वजन दर घनमीटरला १८ किलोन्यूटन आणि घर्षणकोन ३० अंश धरला, तर आडवा दाब उभ्या दाबाच्या एकतृतीयांश होतो. ६ मीटर खोलीवर तो दर चौरस मीटरला ३६ किलोन्यूटन येतो. सव्वादोन चौरस मीटरच्या पॅनेलमागे एकूण ८१ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ८ टन. पॅनेलला चार पट्ट्या जोडल्या असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे २ टन येतात. वाहनांचा भार यात धरलेला नाही.

खरी परीक्षा मात्र पाणी घेते. सांध्यांतून पाणी बाहेर पडलेच पाहिजे. ते आत तुंबले तर दाब वाढतो आणि घर्षण घटते. पण पाण्याबरोबर माती बाहेर आली तर भराव पोकळ होतो आणि वरचा रस्ता एके दिवशी खचतो. म्हणून सांध्यांच्या मागे गाळणीचे कापड लावतात आणि पॅनेलमागे सुमारे ६० सेंटीमीटर रुंदीचा खडीचा थर देतात. भरावात ०.०७५ मिलिमीटरहून बारीक कण साधारण १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, असा दंडक आहे.

कावेरीचा चिकण गाळ या कसोटीला उतरत नाही. भातासाठी जी माती सोन्यासारखी, ती अशा भरावासाठी निरुपयोगी. नदीतील वाळू कसोटीला उतरते, परंतु ती उपसली तर नदीचेच पात्र खालावते. या पेचावर भारतात एक उत्तर औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेत शोधले गेले. १९९०च्या दशकात दिल्लीतील ओखला उड्डाणपुलाच्या पोहोचमार्गासाठी केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या तंत्रानुसार राखेचा भराव जिओग्रिडच्या जाळ्यांनी बांधून त्याला काँक्रीट पॅनेलचे आवरण दिले गेले. पुढे २०१४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसने अशा भिंतींसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली.

तिरुवलंचुळीच्या कपर्दीश्वर मंदिरात पाषाणात कोरलेली एक जाळीदार खिडकी आहे. जुने स्थपती नवे काम करारावर घेताना ‘तिरुवलंचुळीची खिडकी सोडून’ काहीही घडवू, अशी अट घालत, असे सांगतात. त्या कारागिराला दगडात जागा कुठे सोडायची याचे नेमके भान होते. आज महामार्गावरच्या भिंतीचा आराखडा करणाऱ्याला हेच भान लागते. पॅनेल साच्यातून एकसारखे निघतात. भिंत टिकणार की नाही, हे त्यांच्यामधली दोन सेंटीमीटरची फट ठरवते.