हौशी की धंदेवाईक ?

२१ नोव्हेंबर १९२५ ह्या दिवशी अमेरिकेतील कोलंबस शहरी ओहायो आणि इलिनॉय येथील विद्यापीठांचा फुटबॉलचा सामना झाला. ८०,००० हून अधिक लोक तो पाहावयास लोटले होते. इलिनॉयने सामना १४ विरुद्ध ९ गुणांनी जिंकला. परंतु ह्या जयापेक्षा अधिक चर्चा झाली ती एका घोषणेची. इलिनॉयचा संघनायक हॅरल्ड ग्रेंज, ज्यास त्याच्या तांबूस केसांमुळे सारा देश ‘रेड’ म्हणून ओळखीत असे, त्याने खेळ संपताच जाहीर केले की, आपण विद्यापीठ सोडून पैसे घेऊन खेळणाऱ्या संघात जाणार. त्याचे वय तेव्हा २२ वर्षांचे होते व पदवी हाती पडावयास काही महिनेच उरले होते.

हा फुटबॉल आपल्याकडील फुटबॉल नव्हे. त्यातील चेंडू लांबट असतो, तो बगलेत मारून धावावयाचे असते आणि प्रतिपक्षाने त्या धावणाऱ्यास मिठी घालून जमिनीवर लोळवावयाचे असते. नावात पाय असले तरी सारी करामत हातांची व खांद्यांची !

ग्रेंज लहानपणीच आईस मुकला. बाप व्हीटन ह्या गावी पोलिसात नोकरीस होता. उन्हाळ्याच्या सुटीत मुलगा घरोघर बर्फाच्या लाद्या पोहोचवीत असे, आणि देशभर नाव झाल्यावरही त्याने ते काम सोडले नाही. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी इलिनॉय विद्यापीठाच्या स्मारक-क्रीडांगणाचा अर्पणसोहळा होता. पहिल्या महायुद्धात पडलेल्या तेथील विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ देणग्या गोळा करून हे भव्य क्रीडांगण उभारण्यात आले होते. त्या दिवशी मिशिगनसारख्या बलाढ्य संघाविरुद्ध ग्रेंजने पहिल्या १२ मिनिटांत चार वेळा चेंडू प्रतिपक्षाच्या सीमेपार नेला. ह्या एका दुपारने बर्फवाल्या पोराचा राष्ट्रीय वीर झाला.

त्या काळी विद्यापीठांचे सामने म्हणजे प्रतिष्ठेची जागा. १९२० मध्ये स्थापन झालेला धंदेवाईक संघांचा मेळ मात्र कसाबसा तग धरून होता. त्यांच्या खेळास थोडेथोडके प्रेक्षक येत आणि घरंदाज माणसे त्याचे नाव काढताना नाक मुरडीत. अशा वेळी गावातील एका नाट्यगृहाचा चालक सी. सी. पाइल ह्याने ग्रेंजला गाठून लाखभर डॉलर मिळवून देण्याची भाषा केली. पाइल पक्का व्यापारी होता, परंतु लोक नेमके कोणाला पाहावयास येतात हे त्याने विद्यापीठाच्या चालकांपेक्षा अधिक स्वच्छपणे ओळखले होते, असे म्हणावे लागते.

कोलंबसच्या सामन्यानंतर ग्रेंजचे शिक्षक बॉब झुप्के ह्यांनी त्यास टॅक्सीत घालून परोपरीने समजाविले. फुटबॉल हा पैशासाठी खेळावयाचा खेळ नव्हे, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. त्यावर ग्रेंजने विचारले की, खेळ शिकवून आपण उपजीविका करता, मग खेळून मी ती केली तर बिघडले कोठे ? ह्या प्रश्नास झुप्के ह्यांजपाशी उत्तर नव्हते. क्रीडांगणाच्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार निघे, वृत्तपत्रे खपत, हॉटेले भरत. फक्त ज्याच्या पायांवर हे सारे चाले त्याने तेवढे निष्काम राहावयाचे होते! गुरुशिष्यांत पुढे कित्येक वर्षे अबोला राहिला.

दुसऱ्याच दिवशी ग्रेंजने शिकागोच्या बेअर्स संघाशी करार केला आणि पाचव्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, तो त्यांच्यातर्फे मैदानात उतरला. प्रेक्षक ३६,००० च्या घरात होते. तो सामना मात्र शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला, कारण प्रतिपक्षाचा ड्रिस्कॉल चेंडू ग्रेंजच्या हाती लागूच नये अशा बेताने लाथाडीत होता. डिसेंबरात न्यूयॉर्कला अफाट गर्दी लोटली आणि तोट्यात बुडालेला तेथील जायंट्स संघ एका दिवसात तरला.

परंतु ह्या पैशाचे मोलही जबर होते. पाइलने १२ दिवसांत ८ सामने ठरविले होते. थकलेल्या ग्रेंजची बोस्टनला हुर्यो झाली; पिट्सबर्गला दंडास जबर दुखापत झाली. डेट्रॉइटला तो खेळू शकत नाही असे कळताच लोकांनी तिकिटांचे पैसे परत मागितले. विद्यापीठात तो पडला असता तर लोक हळहळले असते. येथे त्यांनी खिडकीपाशी रांग लावली. १९२७ मध्ये त्याचा गुडघा दुखावला, १९२८ चा सारा हंगाम वाया गेला आणि ती जुनी वाऱ्यासारखी धाव पुन्हा कधी आली नाही. तरीही १९३४ पर्यंत तो खेळत राहिला.

ग्रेंजच्या जाण्याने विद्यापीठे खवळली होती. त्यांची समजूत काढण्यासाठी धंदेवाईक मेळाने १९२६ मध्ये नियम केला की, विद्यार्थ्याच्या वर्गाची पदवी होईपर्यंत त्यास कोणी घेऊ नये. म्हणजे ग्रेंज ज्या दाराने गेला ते दार त्याच्या मागे बंद झाले. बास्केटबॉलमधील असाच निर्बंध मिसिसिपीतील गरीब घरातून आलेल्या स्पेन्सर हेवुडने न्यायालयात नेला आणि १९७१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाचा कौल त्याच्या बाजूने लागला. विद्यार्थी राहूनच आपल्या नावावर चार पैसे मिळविण्याची मोकळीक तर तेथील खेळाडूंना २०२१ मध्ये मिळाली.

ग्रेंज पदवीसाठी परत गेला नाही. १९५० मध्ये मात्र तो इलिनॉय विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर निवडून आला आणि १९५५ पर्यंत त्या मंडळाच्या बैठकांत बसून त्याने विद्यापीठाचा कारभार पाहिला.